थोरलीची जागा

अण्णा,

गेल्या आठवड्यापर्यंत मला तुम्हाला एकच विचारायचं होतं, आक्काला नेमकं कुठं ठेवलंत. आता ते विचारण्यात अर्थ राहिलेला नाही, आणि जे विचारायचंय ते मला धड मांडता येत नाही. इतकी वर्षं मुलांच्या निबंधांवर 'मुद्दा स्पष्ट नाही' असा लाल शेरा मारत आले, आज माझाच मुद्दा मला सापडेना. तरी कागद घेतला, सवयीनं डाव्या बाजूला समास सोडला आणि बसलेय. आई दोनदा विचारून गेली, काय लिहितीस गं म्हणून. शाळेचं काम, म्हटलं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला कळतं, तेवढी खुळी अजून झालेली नाही.

आधी मी हल्ली रविवारी काय करते ते सांगायला हवं. तुम्ही असता तर ऐकून कपाळाला हात लावला असता. कॅम्प संपतो तिथून खानापूरच्या रस्त्याला थोडं आत गेलं की गोऱ्यांचं एक जुनं मसण आहे. लहानसं, चार भिंतींतलं, जवळपास चर्च नाही की काही नाही. शहरातल्या निम्म्या लोकांना ते आहे हेसुद्धा माहीत नाही. घाणेरी एवढी माजली होती की आत काय आहे ते दिसायचंच नाही, आणि एका थडग्यातून तर पिंपळ असा वर आला होता की खालच्या साहेबाला छत्री धरल्यागत. आम्ही थोडी माणसं मिळून ते साफ करतो. पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आमचे पुढारी. मूळचे खानापूरकडच्या खेड्यातले, आता कॅम्पात राहतात, सरळ रेघेवर त्यांचा फार जीव. प्रत्येक थडग्याला त्यांनी नंबर दिलाय, नकाशा काढलाय, आणि कुणी चहा पिताना थडग्यावर टेकलं तर अशी हाक मारतात की कप हातातून पडावा. सिमेंट वापरायचं नाही, दगड फुटतो. चुना आठवडाभर भिजवायचा, त्यात विटांचा चुरा आणि गुळाचं पाणी घालायचं. दगड घासायला तारेचा ब्रश नाही, काथ्या आणि साधं पाणी. अक्षरं झिजलेली असली की मी घरचा आरसा घेऊन जाते आणि ऊन तिरपं पाडते, मग पुसलेली अक्षरं सावलीनं वर येतात. ते वाचायचं काम माझं. मास्तरीण म्हणून दिलंय, दुसरं काय.

लोक विचारतात, वडगावच्या विणकराच्या मुलीला गोऱ्यांच्या थडग्यांचा एवढा कसला पुळका. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देते. मुख्याध्यापकांना सांगितलं, इतिहासाची आवड. शेजारणीला सांगितलं, रविवारी घरात बसून पाय आखडतात. हे निपाणीहून शनिवारी येतात, रविवारी मी घरात नसते म्हणून कुरकुरतात, त्यांना सांगितलं की पुण्य लागतं. ते म्हणाले, ख्रिश्चनांचं पुण्य तुला कुठल्या खात्यात मिळणार. खरं उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. आता वाटतं, होतं. पहिल्याच रविवारी मी आरसा धरून एक अगदी छोटा दगड वाचला. कुणा सार्जंटाची मुलगी, काही महिन्यांची. तिचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, खाली देवाचं एक वाक्य, आणि वर कोरलेलं एक मिटलं फूल. त्या रांगेत असे दगड कितीतरी. एक दिवस जगलेल्या पोरालाही नाव आणि दगड. मला भरून यायला हवं होतं, पण मला राग आला. कुठल्या कुठली ही माणसं, परक्या मुलखात येऊन लेकरं पुरून गेली, तरी पत्ता ठेवून गेली. आणि आमची आक्का इथल्या मातीतली, तिचा पत्ता कुणाला सांगता येत नाही.

मला घरात सगळे धाकटी म्हणायचे ना. शाळेत नाव घातलं तेव्हा बाईंनी विचारलं होतं, थोरली कुठल्या वर्गात आहे. मी म्हटलं, ती नाही. मग तू धाकटी कशी, असं त्यांनी विचारलं आणि अख्खा वर्ग हसला. बारशाआधीच गेलेल्या, काही दिवसांच्या पोरीला मी आयुष्यभर आक्का म्हणत आले, आता माझे केस पांढरे झाले तरी म्हणते. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला गेलं की माझाच गोंधळ उडतो. पण आपल्या घरात त्यात विचित्र काही नव्हतं. आई तिला थोरली म्हणायची, तुम्ही काहीच म्हणायचा नाहीत, आणि वर्षातून एकदा, नागपंचमीला, तिचा विषय निघायचा.

पंचमीला गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असायच्या. दारापुढच्या चिंचेला झोका, घराघरांत लाह्या आणि तंबिटाचे लाडू, बांगड्यांचा आवाज. आपला माग त्या दिवशी बंद. दुपारची जेवणं झाली की आई खरकटी तशीच ठेवून तुमच्यासमोर बसायची आणि विचारायची, थोरली आज आली असती, कुठं ठेवलं हो तिला? दर वर्षी तेच शब्द, तोच सूर, जणू पहिल्यांदाच विचारतेय. तुम्ही पानाला चुना लावत असायचा. मग सांगायचा. मी कोनाड्याखाली बसून ऐकायचे, आणि अण्णा, एरवी तुम्ही दिवसभरात मोजके शब्द बोलणारे, त्या वेळी मात्र असं सांगायचा की मला सगळं समोर दिसायचं.

पण दर वेळी वेगळं! आधी ऐकलं ते नाल्याच्या पलीकडचं. करंजाच्या झाडाखाली ठेवली, सावली असती तिथं, वर पांढरा गारगोटीचा दगड ठेवलाय. मग एका वर्षी येळ्ळूरच्या रस्त्याला, कुणाच्या तरी शेताच्या बांधावर, तिथंही पांढरा दगड. आणि एकदा गोऱ्यांच्या मसणात, मागच्या भिंतीकडेला, तिथं कोण नांगरत न्हाय की घर बांधत न्हाय, पांढरा दगड ठिवलाय वळखायला. बाकीचं मात्र कधी बदललं नाही. तुम्ही तिला दोन्ही हातांवर घेतलं होतं. ओझं काहीच नव्हतं तरी हात भरून आले, म्हणून वाटेत एकदा थांबलात. ऊन लागू नये म्हणून डोक्याचा टॉवेल काढून तिच्यावर धरलात. इथपर्यंत आलात की आई पदर तोंडाला लावायची, तुम्ही पान तोंडात घालायचा, आणि विषय पुढच्या पंचमीपर्यंत मिटायचा.

मी चौथी-पाचवीत असेन, तेव्हा मला हे सहन झालं नाही. गणितात मी पक्की होते आणि एका माणसाला तीन जागी पुरता येत नाही एवढं मला कळत होतं. पंचमीच्याच दिवशी, स्वैपाकघरात, तुमचं सांगून होतंय तोवर मी म्हटलं, अण्णा खोटं सांगत्यात, मागच्या पंचमीला करंजाखाली म्हणालते. आईनं उठून माझ्या थोबाडीत मारली. तिनं मला मारलेलं तेवढं एकच आठवतं. मला कळेना, खोटं बोललं कोण आणि मार खाल्ला कुणी! मी परसात जाऊन रडत बसले. दुसऱ्या दिवशी माग सुरू झाला तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत. एरवी मी बाहेर बसून सुताच्या कांड्या भरायची, मागावर बसायची मला परवानगी नव्हती. त्या दिवशी तुम्ही मला शेजारी, मागाच्या खड्ड्यात उतरवून घेतलंत आणि आडव्या सुताचा धोटा हातात दिलात, फेक म्हणालात. मी फेकला तो निम्म्यात अडकला, दोन धागे तुटले. तुम्ही ते सांधलेत आणि पुन्हा फेक म्हणालात. मी तेव्हा समजले की ही लाच आहे, तोंड गप्प ठेवायची. पुढं कित्येक वर्षं मी तसंच समजत होते.

मग माझं लग्न झालं, निपाणीला गेले, तिथल्याच शाळेत नोकरी लागली. पंचमीला मी यायची, तंबीट खायची, आणि आई तुम्हाला विचारायची. मी आता मोठी झाले होते, भांडत नव्हते, पण मनातून तुमच्यावर डूख धरून होते, हे तुम्हाला जाणवत असेलच. एवढीशी गोष्ट, एकदा खरं सांगून बाईला मोकळं करायला काय होतं, असं वाटायचं. तुम्ही गेलात ते खरं न सांगताच. त्यानंतरच्या पंचमीला जेवणं झाली, आई माझ्यासमोर बसली, आणि मी वाट बघत राहिले. तिनं विचारलं नाही. कुणाला विचारणार? ती उठली आणि भांडी घासायला लागली. तेव्हापासून आजवर एकाही पंचमीला थोरलीचा विषय निघाला नाही, आणि मी मनाशी ठरवून टाकलं की आई ही जागा न बघताच मरणार आणि ते पाप तुमच्या माथी. बदली होऊन मी वडगावात तिच्याजवळ राहायला आले त्यालाही बरीच वर्षं झाली. आता ती इतकी वाकलीय की बसली की माझ्या जुन्या दप्तराएवढी दिसते. कान मात्र शाबूत. शेजारच्या पॉवरलूमचा एक माग बंद पडला तरी तिला इथं बसून कळतं.

यंदा श्रावणाच्या तोंडावर पाऊस झोडपून पडला आणि मसणाची मागची भिंत कोसळली. सुभेदारांनी ताबडतोब बेत आखला. भिंत सरळ रेघेत पुन्हा घ्यायची, त्यासाठी आतल्या बाजूनं पाया खणायचा. आम्ही दगडमाती उपसायला गेलो. भिंतीच्या कडेची घाणेरी काढली तर खाली लहान लहान उंचवटे निघाले, ओळीत नाहीत, जसे जमतील तसे, आणि प्रत्येकावर ओबडधोबड जांभा दगड. एकावरही अक्षर नाही. सुभेदारांनी नकाशा उलटसुलट करून बघितला. त्यात नव्हतं. समोरच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला बोलावलं, तो म्हणाला, गोऱ्यांची न्हवं ही, आपल्या लोकांची तान्ही पोरं हाईत, जाळत न्हाईत न्हवं तान्ह्यास्नी, मग भिंतीच्या आडोशाला ठिवून जायचे कोण कोण. तो अगदी सहज सांगत होता. मी घमेलं खाली ठेवलं. मग मी वाकून एकेक दगड बघत गेले, आणि कोपऱ्याच्या जवळ एका उंचवट्यावर जांभा नव्हता. गारगोटी होती, नारळाएवढी, मातीनं मळलेली. काथ्यानं घासली तर पांढरी.

अण्णा, त्या क्षणी माझी एवढी खात्री पटली की मी मोठ्यानं आक्का म्हटलं. सुभेदारांना वाटलं मला काही चावलं. मग मला आठवलं की पांढरा दगड तर करंजाखालीही होता आणि येळ्ळूरच्या बांधावरही, आणि आपल्याकडे गारगोट्यांना काय तोटा आहे. खात्री आली तशी गेली, पुन्हा आली. सुभेदार म्हणाले, मॅडम, पंचमीला जमीन खणत नाहीत म्हणून माणसं त्यानंतरच येणार. तोवर कुणी सांगितलं की हे आमचं, तर पाया बाहेरून वळवून घेऊ. नाही तर दगड नीट उचलून एका बाजूला लावू, हार घालू, काय ते करू. पण खणावं लागेल. माणूस वाईट नाही. त्यांना फक्त सांगणारं कुणीतरी हवं होतं.

मी घरी आले ती वाटेत आईला कसं सांगायचं तेच जुळवत आले. रडेल, तिला पाणी द्यावं लागेल, रिक्षा सांगावी लागेल, चिखलात खुर्ची कुठं ठेवायची, सगळं ठरवलं. आई सुपात लाह्या घेऊन साळीचं टरफल वेचत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, तिचे हात हातात घेतले आणि म्हटलं, आई, थोरलीची जागा सापडली. भिंतीकडेला, पांढरा दगड आहे, अण्णा म्हणायचे तसा. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हात सोडवून घेतले आणि पुन्हा टरफलं वेचायला लागली.

"त्यास्नी कुठलं ठावं?" ती म्हणाली. "त्ये गेलंच न्हवतं."

मला वाटलं, वय झालं, काहीतरी बरळतेय. कोण गेलं नव्हतं, विचारलं. तर म्हणाली, तुझं अण्णा. मग तिनं सांगितलं, तेही कसं, तर शेजारणीकडचं लग्न कसं झालं ते सांगावं तसं. आपल्या घराण्यात पहिलं लेकरू गेलं तर बापानं त्याला न्यायचं नसतं, मागनंही जायचं नसतं. बाप गेला तर पुढची पोरं टिकत नाहीत म्हणायचे. त्यामुळं तुमचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आप्पा, आणि शेजारचा एक माणूस असे दोघंच तिला घेऊन गेले. आजीनं तुमचं मनगट धरून तुम्हाला मागावर बसवलं. तुम्ही एकच केलंत. मागावर हिरवं लुगडं होतं, निम्मंच विणून झालेलं, ते तुम्ही मधेच कापलंत आणि तिला गुंडाळायला दिलंत. विणकराच्या घरात कुणी असं करत नाही, आजी किंचाळली म्हणे. मग आप्पा तिला घेऊन गेले आणि तुम्ही रिकाम्या मागावर पाय हलवत बसलात.

आप्पांना विचारायचं कुणी? आई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली घेऊन दाराआड व्हायची, थोरल्या दिराशी बोलायची पद्धत नव्हती. जावेला विचारलं तर ती म्हणाली, बाईमाणसानं असलं इचारू नये. आणि तुम्ही तर आप्पांपुढं मान वर करत नव्हता. शेजारचा तो माणूस मुंबईला गिरणीत गेला तो परत आलाच नाही. आप्पा गेले तेव्हा मी रांगत होते. म्हणजे ही जागा कुणालाच ठाऊक नव्हती, अण्णा. तुम्ही काही लपवत नव्हता, लपवायला तुमच्याजवळ काही नव्हतंच.

मग मी आईवरच चिडले. मी म्हटलं, तुला हे पहिल्यापासून माहीत होतं, मग दर पंचमीला त्यांना का विचारायचीस? बिचाऱ्या माणसाला दर वर्षी खोटं बोलायला का लावायचीस? सुपातल्या लाह्या तिनं दोनदा पाखडल्या.

"इचारलं की न्यायचे," ती म्हणाली.

"काय न्यायचे?"

"तिला गं. दर खेपेला त्येच न्यायचे न्हवं? हातावर घिऊन, टावेल धरून. त्या दिशी न्यायला गावलं न्हाय त्यास्नी. म्हनून इचारत हुतो मी. मी काय खुळी हाय व्हय?"

मी विचारलं, आणि मला थोबाडीत मारलीस ती? तिला ते आठवतच नव्हतं. मारली असंल, म्हणाली, लई शानी हुतीस तू. एवढं बोलून तिनं मला तिखट-मीठ लावलेल्या लाह्या खायला दिल्या. मी त्या खात बसले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी खात होते, आणि मला तुमचा राग येत होता की दया येत होती की आणखी काय, ते मला अजून सांगता येत नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीला मी तुमचं खोटं समजले ते तुम्हा दोघांचं काहीतरी होतं, आणि मी त्यात मधेच गणित घेऊन उभी राहिले. पण मग माझं म्हणणं असं की मला कुणी सांगायला नको होतं का? मी घरातलीच होते ना? बरं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? शाळेत जाऊन सांगितलं असतं, दुसरं काय. बघा, पुन्हा मुद्दा सुटला.

एक मात्र मी त्या संध्याकाळी आईला विचारलं. म्हटलं, मग त्या दगडांचं काय करू? पंचमी झाली की माणसं खणायला येणार. ती आक्का असेल, नसेल. आई म्हणाली, असंल, नसंल, कुणाची तरी हाईतच न्हवं ती. मी म्हटलं, पण सुभेदारांना सांगायला आपल्याजवळ काही नाही, आप्पांनी तिला कुठं नेलं ते देवाला ठाऊक. तर म्हणाली, तुझ्या अण्णांनी सांगितलंय की. करंजाखालचं बी त्यांनीच सांगितलंय, मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, तिथं आता कोण खनत न्हाय न्हवं, मग तिथलं कशाला सांगतीस. आणि ती पदर खोचून उठली, म्हणजे बोलणं संपलं.

मी तिला तिकडं घेऊन जायचं म्हटलं तर येत नाही म्हणाली. मी रिक्षाचं बोलले, खुर्चीचं बोलले. नको म्हणाली. एवढी वर्षं मी समजत होते की तिला ती जागा बघायचीय, तीच एक आस उरलीय, आणि तिला बघायचीच नव्हती. पंचमीला मी तंबीट केलं, गुळाचा पाक कच्चा राहिला, लाडू वळेनात. जेवणं झाल्यावर ती नेहमीसारखी माझ्यासमोर बसली. मला वाटलं आता मला विचारेल. मी तयारही होते, काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. तिनं विचारलं नाही. मला ते विचारावंसं तिला वाटलं नसेल, किंवा मी ते सांगू शकेन असं तिला वाटत नसेल.

आज सकाळी शाळेतून अर्धा दिवस सुटी काढून मी मसणात गेले. सुभेदार आधीच हजर होते, दोरी ताणून चुन्याची पांढरी रेघ मारत होते, आणि ती रेघ बरोबर त्या उंचवट्यांवरून जात होती. खणणारे बिडी ओढत बसले होते. मी सरळ जाऊन दोरीला हात घातला आणि म्हटलं, इथं खणायचं नाही, ही आमची आहे. सुभेदार म्हणाले, कुठली? मी म्हटलं, सगळीच. ते जरा चमकले. मग मी गारगोटीकडं बोट करून सांगितलं, ही माझी थोरली बहीण, आणि बाकीची आमच्या गल्लीतली. मग त्यांनी जे विचारायचं तेच विचारलं. पलटणीतला माणूस, ऐकीव गोष्टीवर रेघ वळवणार नाही. कशावरून म्हणता, म्हणाले. कुणी बघितलंय का.

मी त्यांना सांगितलं. तुम्ही सांगायचा तसंच, शब्दाला शब्द. हिरवं लुगडं मात्र मी माझ्याकडून घातलं, ते तुम्ही कधीच सांगितलं नव्हतं. तुम्ही वाटेत थांबलात ते सांगितलं, टॉवेल धरलात ते सांगितलं. खणणारा एकजण बिडी विझवून उठून उभा राहिला. सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली. आणि मग त्यांनी विचारलं, हे तुम्हाला वडिलांनी सांगितलं का? तेव्हा मी हो म्हणायचं होतं, अण्णा, आई म्हणाली होती तसं. ते खरंही होतं. पण हो म्हटलं असतं तर तुम्ही एकटेच तिला घेऊन इतक्या लांब आलात असं झालं असतं, आणि ते मला सोसवेना.

मी म्हटलं, नाही, मी होते की त्यांच्याबरोबर. घरापासून इथपर्यंत चालत आलते.

त्यांनी दोरी सोडली. माझा जन्म आक्कानंतर दोन वर्षांनी झाला, हे त्यांना माहीत नाही आणि मी ते सांगणारही नाही.